साहेबासाठी राखून ठेवलेली चूक

प्रिय बिनतारी,

येत्या शनिवारी मी घरी जातोय. आज सकाळच्या फेरीत मोठ्या डॉक्टरांनी तसं सांगितलं, दुपारी समुपदेशक बाईंनी दुजोरा दिला, आणि जेवणानंतर मोठ्या सिस्टर हातात खडू घेऊन आल्या नि माझ्या खाटेशेजारच्या पाटीवर तारीख लिहून गेल्या, तेव्हा कुठे माझा विश्वास बसला. डॉक्टर काय, तीनदा बदलतात. सिस्टरांचा खडू एकदा पाटीला लागला की लागला. एकूण एक्केचाळीस दिवस झाले इथे. तुझ्या वहिनीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "शनिवारी? अहो, शनिवारी मी पडदे धुवायला काढणार होते." म्हणजे ती खूश आहे. तुला तिची भाषा ठाऊकच आहे.

तू मध्ये दोनदा फोनवर विचारलंस, "उस्ताद, नक्की झालंय काय तुम्हाला?" आणि मी दोन्ही वेळा रक्तदाब म्हणून सांगितलं. रक्तदाब नव्हता. मला मरायचं होतं. हे वाक्य लिहायला मला फार वेळ लागेल असं वाटलं होतं, पण लिहून झालं. बाई म्हणतात की या गोष्टीबद्दल आडून आडून बोललं की ती अंधारातल्या सावलीसारखी वाढत जाते, म्हणून सरळ शब्द वापरा. तर सरळ सांगतो. दोन-अडीच वर्षं मनात येत-जात होतं. निवृत्तीनंतर माझ्या शिट्टीवर उठणारं कुणी उरलं नाही, एवढंच कारण असतं तर हसण्यावारी नेलं असतं. पण जुन्या गोष्टीही उठून बसायला लागल्या, नि त्यांना "बस खाली" म्हणायची ताकद माझ्यात उरली नाही. शेवटी एक दिवस मी ठरवलं, आणि ठरवल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी घर आवरायला घेतलं. अवजारांची पेटी शेजाऱ्याला दिली. मनगटी घड्याळ तुला पार्सलने पाठवलं.

इथे तुझा संबंध येतो. घड्याळ मिळाल्यावर तू मला फोन केला नाहीस, तुझ्या वहिनीला केलास. ती तिच्या बहिणीकडे जेवायला गेली होती. तू म्हणालास म्हणे, "वहिनी, उस्ताद हे घड्याळ मला बघायलासुद्धा हातात देत नव्हते, आणि आता पार्सल? डोकं ठिकाणावर आहे ना त्यांचं?" तू थट्टाच केलीस. पण ती ताटावरून तशीच उठली आणि घरी आली. दार उघडलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. पुढचं ती तुला कधीतरी सांगेल, माझ्याच्याने अजून होत नाही. एवढं मात्र नीट लक्षात घे, की तो फोन तू केला नसतास तर आज हे पत्र लिहायला मी नसतो. यासाठी आभार मानायची पद्धत आपल्यात नाही, म्हणून नुसतं सांगून ठेवतो.

इथली खोली तुला दिसावी म्हणून लिहितो. चार खाटा, चौघेही माजी सैनिक, कारण रुग्णालयाचा हा मजलाच आपल्यासारख्यांसाठी राखलेला आहे. खिडकी वीतभरच उघडते. तिच्यातून मागच्या अंगणात वाळत घातलेल्या चादरींच्या रांगा दिसतात. दाराला आतून कडी नाही. माझ्या समोर पलटणीचा स्वयंपाकी, ज्याच्या मते इथल्या जेवणात मीठ टाकतात ते चिमटीने मोजून नव्हे तर सूड म्हणून. त्याच्या बाजूला कारकून, जो चादरीच्या घड्यासुद्धा तारखेप्रमाणे लावत असावा. आणि खिडकीपाशी सुरुंगवाला. हा वयाने छत्तीसचा, आमच्यात सर्वांत लहान. रस्त्यातले सुरुंग काढायचं काम केलं आठ वर्षं. डावा कान कामातून गेलेला, त्यामुळे बोलायचं असेल तर त्याच्या उजवीकडे जावं लागतं. डावीकडून कुणी काही बोललं तर तो मान हलवून हसतो, आणि आपल्याला वाटतं की ऐकलं. त्याच्याबद्दल लिहितोय ते त्याला विचारून. "लिहा," म्हणाला, "फक्त मला दिसायला बरा आहे असं लिहा." दिसायला बरा आहे.

आता माझा पराक्रम ऐक. दर सोमवारी सकाळी सिस्टर प्रत्येकाला एक छापील कागद देतात. नऊ प्रश्न. झोप कशी, भूक कशी, कामात लक्ष लागतं का, असं करत करत नवव्या प्रश्नाला मुद्द्यावर येतात: आपण मेलेलं बरं असं वाटतं का? प्रत्येक प्रश्नापुढे चार चौकटी, "मुळीच नाही"पासून "जवळजवळ रोज"पर्यंत. आपण खूण करायची. पहिल्या सोमवारी मी तो कागद हातात घेतला आणि माझ्यातला उस्ताद खडबडून जागा झाला. बावीस वर्षं मी लोकांना तपासणीला उभं करत आलो, ही तपासणी मला ओळखू येणार नाही? कारकुनाने सगळीकडे खरं लिहिलं होतं. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं नि म्हणालो, "अरे बाबा, असं लिहिलंस तर वर्षभर इथेच राहशील." स्वयंपाक्याने सगळीकडे "मुळीच नाही" केलं होतं. ते त्याहून वाईट. सगळंच चकचकीत दिसलं की साहेबाला संशय येतो, मग तो गादी उलटून बघतो.

बराकीतली युक्ती तुला सांगायला नको. साहेबासाठी एक चूक राखून ठेवायची. बाकी सगळं आरशासारखं करायचं आणि एकाच बुटाची एकच कड जरा मळकी ठेवायची. साहेब येतो, ती कड बघतो, दोन शब्द सुनावतो, आपण पडल्या चेहऱ्याने "होय साहेब" म्हणतो, आणि तो समाधानाने पुढच्या रांगेकडे वळतो. पेटी कुणी उघडत नाही. मी या तिघांना तीच युक्ती शिकवली. झोपेपुढे "काही दिवस", भुकेपुढे "काही दिवस", बाकी सगळीकडे "मुळीच नाही". आणि नवव्या प्रश्नाला पेन थांबता कामा नये, कारण सिस्टर पेनाकडे बघतात. स्वयंपाक्याचं पेन थांबायचं, म्हणून त्याच्याकडून मी शिळ्या वर्तमानपत्रावर वीस वेळा खूण करून घेतली. सुरुंगवाला पहिल्या फटक्यात शिकला. त्याचा हात कशानेच थरथरत नाही.

तीन सोमवार आमची तुकडी पहिल्या वर्गात पास होत गेली. मला खरं सांगू? त्या तीन आठवड्यांत मला बरं वाटत होतं. कुणीतरी पुन्हा माझ्या सांगण्यावर चालत होतं. बाई रोज यायच्या, प्रत्येकाबरोबर तासभर बसायच्या. समोर बसत नाहीत त्या. खुर्ची ओढून आपल्या बाजूला, खांद्याला खांदा येईल अशा बसतात, दोघांनी मिळून एकच नकाशा बघावा तशा. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "त्या दिवसाची सकाळपासूनची हकीगत सांगा. मी मध्ये बोलणार नाही." मी त्यांना हवामान सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी वचन देऊ केलं, की शिपायाचा शब्द आहे, पुन्हा असं करणार नाही, सोडा मला. तर म्हणाल्या, "वचन नको, उस्ताद. वचन मोडायची वेळ आली की माणूस तोंड लपवतो, आणि नेमकं तेव्हाच मला त्याचं तोंड दिसायला हवं असतं." मला वाटलं, बाई हुशार आहे, पण अजून माझी पेटी उघडलेली नाही.

चौथ्या आठवड्यातल्या बुधवारी डॉक्टर सुरुंगवाल्याला म्हणाले, प्रगती चांगली आहे, शुक्रवारी घरी जा. खोलीत टाळ्या झाल्या. तो घरी एकटाच राहतो. बायको माहेरी निघून गेल्याला दीड वर्ष झालं. गुरुवारी सकाळी तो शीळ घालत उठला, स्वतःचा पलंग आवरला, मग माझाही आवरला. नाश्ता झाल्यावर त्याने त्याचा निळा स्वेटर स्वयंपाक्याच्या अंगावर फेकला. "घ्या, तुम्हाला थंडी वाजते." स्वयंपाकी म्हणाला, "अरे, आणि तुला?" तर म्हणाला, "मला कशाला आता? घरी ढीग आहे." कारकुनाला त्याने त्याचं चांगलं पेन दिलं. आणि मला त्याचा दाढीचा ब्रश, नवाकोरा. मी हातात घेतला, "वा रे राजा" म्हणालो, आणि मग त्याच्याकडे बघितलं. त्या चेहऱ्यावरचा हलकेपणा मी ओळखला. आरशात पाहिला होता तो, तुझं पार्सल बांधलं त्या सकाळी.

बिनतारी, त्या दिवशी अकरापासून दोनपर्यंत मी काय केलं ते कुणी बघितलं असतं तर हसलं असतं. बाईंची खोली व्हरांड्याच्या टोकाला आहे. मी तिथपर्यंत तीनदा गेलो आणि तीनदा पाण्याच्या नळापाशी वळून परत आलो. इतकं पाणी प्यालो की सिस्टरने विचारलं, मधुमेह आहे का. चुगली म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. बराकीत चोर चालतो, दारुडा चालतो, चुगलखोराला कुणी ताटाला ताट लावून बसवत नाही. आणि चुगली तरी कशाची करायची? त्याने मला काही सांगितलं नव्हतं. एक स्वेटर दिला होता, इतकंच. कदाचित त्याच्या घरी खरंच ढीग असेल. चौथ्या खेपेला मी नळापाशी वळलो नाही, कारण तिथे सिस्टर उभ्या होत्या.

बाईंपुढे मी सावधानमध्ये उभा राहिलो आणि अहवाल दिला, एका दमात. कागद, युक्ती, वीस वेळा करून घेतलेली खूण, स्वेटर, पेन, ब्रश. त्यांनी कपाटातून चौघांच्या फायली काढल्या, त्या सोमवारचे चारही कागद टेबलावर ओळीने मांडले. डॉक्टर प्रत्येकाची फाईल वेगळी बघतात, चारही अशी शेजारी शेजारी कुणी कधी ठेवलीच नव्हती. चौघांची झोप काही दिवस बिघडलेली, चौघांची भूक काही दिवस मंदावलेली, आणि बाकी चौघेही ठणठणीत. बाईंनी चष्मा काढून पुसला. "परेड छान बसवलीत, उस्ताद," म्हणाल्या. मग उठल्या, फोनवरून डॉक्टरांना दोन वाक्यं सांगितली, सिस्टरांना सुरुंगवाल्याजवळ जाऊन बसायला सांगितलं, आणि स्वतः निघाल्या. दारातून वळून त्या मला म्हणाल्या, "इथेच थांबा. मी येईपर्यंत एक आठवून ठेवा. हे आजवर किती जणांना शिकवलंत?"

त्या दीड तासाने आल्या. तोवर मी आठवत बसलो होतो. या खोलीतले तीन. मग प्रशिक्षण केंद्रातले. तुला माहीतच आहे, शेवटची अकरा वर्षं निवृत्त होणाऱ्या प्रत्येक तुकडीला वैद्यकीय तपासणीच्या आदल्या दिवशी मी एकेकाला बाजूला घेऊन तयार करत असे. कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच अंगावर घेतलेलं काम होतं ते, आणि मी त्याला उपकार समजत होतो. माझा एकही माणूस कधी अडला नाही, हे मी मिशीला पीळ देऊन सांगायचो. बाईंना मी आकडा सांगितला, दोनशेच्या वर. त्यांनी मला दोष दिला नाही. नुसतं विचारलं, "त्यातल्या किती जणांचं आज कसं चाललंय हे तुम्हाला माहीत आहे?" मी तोंड उघडलं. नावं आली, चेहरे आले, पण कसं चाललंय ते एकाचंही सांगता येईना. एकाचं माहीत होतं असं मला वाटत होतं, त्याचं नाव ओठांपर्यंत आलं, आणि तिथेच थांबलं.

मग त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. म्हणाल्या, "आता तुमचा." नवव्या प्रश्नाला माझं पेन थांबलं. बराच वेळ थांबलं. बाई खिडकीबाहेर चादरी बघत बसल्या. मी शेवटच्या चौकटीत खूण केली, "जवळजवळ रोज"च्या. आणि खूण केल्याबरोबर मला रडू फुटलं, इतकं की मलाच आश्चर्य वाटलं हे पाणी कुठल्या टाकीत साठलं होतं. मग मी त्या दिवसाची हकीगत सांगितली, सकाळपासून. त्या मध्ये बोलल्या नाहीत. सांगून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की हे आधी कुणाला सांगितलं होतं. कुणालाच नाही, म्हणालो. "मग दोन वर्षं एकट्याने पहारा दिलात," म्हणाल्या, "बदलीला कुणी आलंच नाही." मला याहून जास्त काही नको होतं.

सुरुंगवाल्याचं शुक्रवारचं जाणं रद्द झालं. बाईंनी त्याच्या उजव्या बाजूला बसून त्याला सरळ विचारलं होतं, घरी गेल्यावर मरायचं ठरवलंय का, आणि तो, ज्याचा हात कशानेच थरथरत नाही, तो हो म्हणाला होता. संध्याकाळी मी खोलीत आलो तर त्याने सगळ्यांसमोर मला नाव ठेवलं, "फितूर!" आणि तोंड भिंतीकडे केलं. चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मी बोलायला गेलो की डावा कान माझ्याकडे करायचा. कारकुनानेही दोन दिवस मला मीठ दिलं नाही. स्वयंपाकी तेवढा माझ्या बाजूने होता, पण त्याला स्वेटर परत करावा लागल्यामुळे तोही जरा घुश्शात होता. मला त्याचं काही वाटलं नाही. सुरुंगवाला सकाळी भिंतीकडे तोंड करून श्वास घेतोय हे ऐकलं की मी पुन्हा डोळे मिटायचो.

पुढच्या सोमवारी सिस्टर कागद घेऊन आल्या तेव्हा खोलीत कुणी कुणाच्या खांद्यावरून पाहिलं नाही. चौघांचे चार कागद चार तऱ्हेचे झाले. स्वयंपाक्याने आपला कागद बराच वेळ न्याहाळला आणि काळजीने म्हणाला, "माझे सहा 'रोज'मध्ये आले हो. मी नापास का?" त्यावर सिस्टर म्हणाल्या, "नाही काका, तुम्ही आत्ता कुठे परीक्षेला बसलात." आणि सुरुंगवाला हसला. भिंतीकडे तोंड करूनच, पण खांदे हललेले मी पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या तोंडावर ओला टॉवेल येऊन पडला. "उठा फितूर, नाश्ता गार होतोय." तेव्हापासून माझं इथलं नाव फितूर आहे. सिस्टरसुद्धा चुकून म्हणून जातात.

बुधवारी आम्ही सगळे गोल बसतो. तिथे सुरुंगवाल्याने त्याची हकीगत सांगितली. त्याने एक रस्ता साफ केला होता, दोन्ही कडांना पांढरी पट्टी बांधली होती, आणि एक माणूस पट्टीच्या बाहेर पाय टाकून गेला. एवढंच. सहा वर्षं तो हिशेब लावत होता की पट्टी आणखी हातभर आत बांधली असती तर. कुणी त्याला "तुझी चूक नव्हती" म्हणालं नाही; ते त्याला सगळ्यांनी सांगून झालं होतं आणि काही उपयोग झाला नव्हता. बाईंनी त्या माणसाबद्दल विचारलं. कसा होता, काय बोलायचा, हसायचा का. सहा वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं म्हणे. तो तासभर त्या माणसाबद्दल बोलला, आणि आम्ही एका घोरणाऱ्या, उसनं तेल मागणाऱ्या, बेसूर गाणाऱ्या माणसाला ओळखू लागलो. त्याची बायको आता आठवड्यातून दोनदा भेटायला येते. परवा तिने त्याला विचारलं, "हा फितूर कोण?" आणि माझ्याकडे बोट दाखवल्यावर तिने येऊन माझे दोन्ही हात धरले. मी तिला खुर्ची दिली.

माझीही तयारी झाली आहे. वचनाऐवजी बाई एक योजना लिहून घेतात, एकाच पानाची, ज्याच्या त्याच्या शब्दांत. वादळ येतंय हे मला कशावरून कळेल: मी घर नको इतकं नीट आवरू लागतो. तेव्हा मी एकट्याने काय करेन, त्याने भागलं नाही तर कुठे माणसांत जाऊन बसेन, कुणाला काय सांगेन, कुणाला फोन करेन. ते पान लिहिताना तुझी वहिनी शेजारी होती. घरात जे नको ते सगळं तिने तिच्या भावाकडे नेऊन ठेवलंय, आणि कुठे ते मी विचारायचं नाही असं ठरलंय. माझी पहिली ओळ वाचून ती म्हणाली, "बावीस वर्षं जगाला टापटीप शिकवलीत. आता जरा पसारा करा की." पानाच्या तीन प्रती केल्या, एक माझ्या खिशात, एक तिच्या पर्समध्ये, एक इथल्या फायलीत. घरी गेल्यावर दोन दिवसांच्या आत बाईंचा फोन येणार, आठवड्याने भेट, आणि वर्षभर दर महिन्याला रुग्णालयाकडून दोन ओळींचं पत्र, ज्याला उत्तर द्यायची सक्ती नाही. अजून वाईट दिवस येतात. गेल्या रविवारी आला होता. पण तो आला तेव्हा मी कारकुनाला उठवून सांगितलं, "आज दिवस वाईट आहे." तो "बरं" म्हणाला, नि जेवायची वेळ होईपर्यंत माझ्याशी पत्ते खेळत बसला. जिंकलाही सगळे डाव, मेला.

आता हे सगळं तुला का लिहिलं ते. मंगळवारी तुझ्या बायकोने तुझ्या वहिनीला फोन केला. म्हणाली, दोन महिने झाले, तू खोलीतून फारसा बाहेर येत नाहीस, ताट तसंच परत जातं, आणि कुणीही विचारलं की तुझं उत्तर ठरलेलं: "झोप जरा कमी आहे, भूकही जरा कमी, बाकी एकदम ठीक." तुझ्या वहिनीने ते मला जसंच्या तसं सांगितलं आणि माझ्या हातातला फोन जड झाला. ते वाक्य माझं आहे. सहा वर्षांपूर्वी, तुझ्या तपासणीच्या आदल्या दिवशी, कँटीनमागच्या बाकावर बसवून मी ते तुझ्याकडून घोटून घेतलं. तू मला तेव्हा विचारलं होतंस, "उस्ताद, पण बिनतारीवर ते तिघं मदत मागत होते ते आवाज मला अजून ऐकू येतात, ते सांगू की नको?" आणि मी म्हणालो होतो, "वेडा की काय! कागदावर कायमचा शिक्का बसेल." तू सांगितलं नाहीस. तू पास झालास. बाईंपुढे माझ्या ओठांवर अडलेलं नाव तुझं होतं. फोनवर तू मला दोन वाक्यांत गुंडाळून ठेवतोस, बिनतारी वापरणाऱ्याला ते छान जमतं, म्हणून पत्र लिहिलं. सिस्टरांचा भाऊ तुमच्याकडची बस चालवतो, तो ते उद्या सकाळी तुझ्या बायकोच्या हातात देईल. ती शेजारीच बसेल, तिला बसू दे. मंगळवारीच बाई तिच्याशी बोलल्या आहेत आणि घरात काय ठेवायचं नाही ते तिने त्याच संध्याकाळी बाहेर नेलं आहे. तिच्यावर रागावू नकोस, रागवायचं तर फितुरावर रागाव. मी तुला जे शिकवलं ते चुकीचं होतं. ते आवाज सांगायला हवे होते, आणि अजूनही सांगता येतील. सोमवारी सकाळी अकरा वाजता बाईंचा तुला फोन येईल. त्या सरळ विचारतील. तू थांब, हवा तेवढा वेळ थांब, पण पाठ केलेलं बोलू नकोस. आणि सोमवारपर्यंत धीर धरवत नाही असं वाटलं तर धरू नकोस: बायकोला हाक मार, मला फोन कर, किंवा सरळ तिच्याबरोबर या मजल्यावर ये, इथलं दार कुठल्याही वेळी उघडतात. येत्या मंगळवारी पहिल्या गाडीने मी आणि तुझी वहिनी निघतोय, दहाच्या सुमाराला पोचू. सुरुंगवाल्यालाही यायचंय, डॉक्टर दिवसभराची परवानगी देतात का ते उद्याच्या फेरीत कळेल. आला तर त्याच्या उजवीकडे बस. दार तू उघड.

तुझाच,
उस्ताद